दोन गाठींच्या मगदूम मॅडम

मगदूम मॅडमचा रिपोर्ट हातात पडला म्हणजे काम संपलं, असं आमच्यापैकी कुणीच धरून चालत नसे. रिपोर्ट येई, खाली सही-शिक्का असे, आम्ही पेशंटच्या नातेवाइकांना बोलावून समजावून सांगत असू, आणि दुसऱ्या दिवशी ओपीडी ऐन भरात असताना मॅडम दारात उभ्या राहत. फोन करायची त्यांना सवय नव्हती. स्कूटरवरून स्वतः येत. हेल्मेट डोक्यावर तसंच, फक्त काच वर केलेली.

"तो कालचा कागद कुठाय? परत दे."

"काही चुकलंय का मॅडम?"

"चुकलंय असं कुठं म्हटलं? मला पुन्हा बघायचंय."

मी पोटाचा सर्जन. आम्ही कापून काढायचं, आणि कापून काढलेला तुकडा काय आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली बघून मॅडमनी सांगायचं, अशी ही कामाची वाटणी. पेशंटला आमचं नाव माहीत असतं, पॅथॉलॉजिस्टचं नसतं. राजारामपुरीत, एका झेरॉक्सच्या दुकानावर त्यांची लॅब होती. तिथं जाऊन आलेल्या माणसाच्या लक्षात राहायचं ते त्यांचं टेबल. टेबलाच्या चारही पायांखाली लाकडी ठोकळे घालून ते उंच केलेलं होतं, कारण बसून बघणं त्यांना जमतच नसे. नमुन्याची काच सूक्ष्मदर्शकाखाली लावायची, उभ्यानं डोळा लावायचा, मग खिडकीपर्यंत जायचं, खाली रस्त्याकडे बघायचं आणि परत यायचं. मधे चहा आला तर दोन घोट घेऊन कप जिथं असतील तिथं ठेवून द्यायचा. लॅबमधल्या कपाटावर, फ्रिजवर, एकदा तर तराजूच्या पारड्यात मी त्यांचे अर्धे राहिलेले चहा पाहिलेत.

शिरोळ तालुक्यातल्या, कर्नाटकच्या हद्दीलगतच्या गावातलं त्यांचं जैन शेतकरी घर. सूर्य मावळायच्या आत जेवायचं हा घरचा नेम त्यांनी कधी मोडला नाही. आमच्या डॉक्टरांच्या मीटिंगा नेमक्या संध्याकाळी असत. पडद्यावर कुणाचं तरी यकृत दिसत असे आणि मॅडम भिंतीला टेकून, उभ्यानंच, डबा उघडून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खात असत. नव्या डॉक्टरांना ते विचित्र वाटे. जुन्यांना मॅडम जेवल्या नाहीत तर चुकल्यासारखं वाटे.

सर्जनला त्या एक प्रश्न हमखास विचारत. गाठ बोटाला कशी लागली? तुकडा त्यांच्याकडे पोचेपर्यंत औषधात भिजून कडक झालेला असायचा. जिवंत असताना ती कशी होती हे फक्त आमच्या बोटांना ठाऊक. "दगडासारखी का रबरासारखी? सरकत होती, का धरून बसली होती? असं घाईनं नको. डोळे मिट आणि सांग." दोन ऑपरेशनच्या मधे, हिरव्या कपड्यांत, डोळे मिटून हवेत बोटं हलवत उभा असलेला मला आमच्या सिस्टरांनी कितीदा तरी पाहिलंय. सुरुवातीला त्या हसत. पुढं पुढं मॅडम आल्या की आपण होऊन दार लावून घेऊ लागल्या.

त्यांच्या अस्वस्थपणाचा त्रास सगळ्यांनाच व्हायचा. त्यांच्या सख्ख्या पुतण्याच्या लग्नात मंगलाष्टका चालू असताना त्या हातातल्या अक्षता शेजारणीच्या ओंजळीत टाकून निघाल्या. मंडपाच्या दारात मीच भेटलो. म्हणाल्या, परवाच्या एका काचेत कडेला काहीतरी होतं, मी त्याच्यावरून पुढं गेले की काय असं वाटतंय. मी म्हटलं, अक्षता तरी टाकून जा. त्या गेल्याच. जेवणाच्या पंगती उठत आल्या तेव्हा परत आल्या. भाऊ तोंड फिरवून उभा. मी विचारलं, काय निघालं?

"काही नाही निघालं. पहिलंच बरोबर होतं."

आणि त्या निवांत झाल्या असतील म्हणावं, तर तेही नाही. काही निघालं नाही याचंही त्यांना धड समाधान नव्हतं. हे सांगायचं एवढ्यासाठी की मॅडम परत बघायच्या आणि दर वेळी मोठा शोध लागायचा, असं काही नव्हतं. बहुतेक वेळा पहिलंच बरोबर असायचं. नुसते हेलपाटे व्हायचे, आणि आमचे पेशंट एक दिवस जास्त टांगणीला लागायचे. काही सर्जन कंटाळून दुसरीकडं तुकडे पाठवायला लागले. मॅडमना ते कळलं. त्यांनी ते मनावर घेतलं असावं, पण सवय सुटली नाही.

मग हुपरीच्या कलावतीबाई आल्या.

पन्नाशीच्या आत-बाहेरची बाई. घरात पैंजणांचा कारखाना. नवरा, दीर, जावा सगळे त्यातच. कलावतीबाई घुंगरं बसवायच्या. डोळे हळदीसारखे पिवळे झालेले, आणि अंगाला इतकी खाज की दंडावर नखांचे ओरखडे. काविळीचं झाडपाल्याचं औषध घेऊन झालं होतं. आम्ही स्कॅन केला. यकृतातून आतड्याकडे पित्त नेणारी जी नळी असते, तिच्या खालच्या टोकाला गाठ होती, आणि तिनं वाट अडवली होती. दुर्बिणीतून आत छोटी नळी बसवून पित्ताला वाट करून दिली, तिथल्याच पेशी घासून घेतल्या. मॅडमनी सांगितलं, कॅन्सर आहे. ही गाठ काढता येण्यासारखी होती. ऑपरेशन अवघड, पण होण्यासारखं.

अडचण दुसरीकडेच होती. स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या शेपटीकडे, म्हणजे पार डाव्या बाजूला, शेंगदाण्याएवढी आणखी एक गाठ दिसत होती.

संध्याकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांचं एकमत झालं. पित्तनळीचा कॅन्सर तिथवर पोचलाय. पसरलेल्या रोगात एवढं मोठं पोट उघडून उपयोग नाही. बसवलेली नळी आहेच, औषधं देऊ, मिळेल तेवढा काळ बरा जाईल असं बघू. माझंही मत तेच होतं, आणि ते काही निष्काळजीपणाचं मत नव्हतं. एका माणसात दोन गाठी सापडल्या तर दुसरी पहिलीचीच असं धरणं हेच रोजच्या अनुभवाला धरून असतं.

मॅडम भिंतीशी उभ्या होत्या. त्यांनी स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांना विचारलं, दोन्ही गाठी सारख्याच दिसतात का? ते म्हणाले, अगदी तशा नाही; शिरेतून रंग सोडल्यावर शेपटीकडची लगेच उजळते, नळीतली मंदच राहते. पण लहान आहे, तेवढ्यावरून काय बोलणार? मॅडम पडद्यासमोर जाऊन इतक्या जवळ उभ्या राहिल्या की मागच्या कुणाला काही दिसेना.

"ह्या दोघी एका घरातल्या वाटत नाहीत मला," त्या म्हणाल्या.

कॅन्सरचे डॉक्टर समजुतीनं म्हणाले की पित्तनळीत एक आणि स्वादुपिंडात दुसरी, अशा दोन स्वतंत्र गाठी एकाच वेळी असणं फार दुर्मीळ.

"दुर्मीळ आहे, मान्य. पण त्या दुसऱ्या गाठीला आपण नावसुद्धा विचारलेलं नाही, आणि तिच्यापायी बाईला शिक्षा सुनावतोय."

त्या दिवशी निर्णय थांबला. दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफी असते. ती घशातून जठरात नेऊन, जठराच्या भिंतीतून शेजारच्या स्वादुपिंडात बारीक सुई घालता येते. तसा नमुना घेतला. त्यात नुसतं रक्त आलं आणि चार फुटक्या पेशी. मॅडम म्हणाल्या, यावरून सांगता येणार नाही, परत घ्या. तोवर घरची माणसं दमली होती. कलावतीबाईंनी घरी जायचा हट्ट धरला आणि गेल्या. मी फोन केला तेव्हा त्यांचे यजमान, बाळासाहेब, सरळ म्हणाले, "डॉक्टर, एकदा म्हणतासा पसरलाय, एकदा म्हणतासा बघू. आमी काय समजायचं? आता बास." त्यांचं काहीच चुकत नव्हतं.

हे मी लॅबमध्ये जाऊन मॅडमना सांगितलं. त्या खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. मग म्हणाल्या, "गाडी काढ. हुपरीला जाऊ."

इतक्या वर्षांत मॅडम पेशंटच्या घरी गेल्याचं मला माहीत नव्हतं. गाडीत त्यांनी काच खाली केली, वर केली, पट्टा लावला, काढला, आणि उचगाव मागे पडेपर्यंत मला दोनदा विचारलं की त्या बाईला आपण फसवतोय असं तर होणार नाही ना. दुसरीही गाठ तीच निघाली तर उगाच आशा लावल्यासारखं होईल. मी म्हटलं, मग परत फिरू या. त्यांनी पट्टा पुन्हा लावला.

पुढच्या खोलीतच कारखाना होता. दोघं-तिघं मान खाली घालून कड्या जोडत होते. कलावतीबाई भिंतीला उशी लावून बसल्या होत्या आणि तशातही मांडीवरच्या ताटात घुंगरं निवडत होत्या. मी मॅडमची ओळख करून दिली. तुमच्या पोटातल्या पेशी बघतात त्या ह्याच, असं म्हणालो.

"म्हंजे ह्यांनी मला आधीच बघितलंय की," कलावतीबाई म्हणाल्या आणि हातातली घुंगरं ताटात ठेवली.

मॅडमना कुणीतरी खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत. थोड्या वेळानं मात्र सरळ खाली सतरंजीवर टेकल्या. लॅबमध्ये शुद्ध बोलणाऱ्या मॅडम तिथं गावच्या बोलीवर कधी आल्या ते मला कळलं नाही. त्यांनी सगळं सांगितलं. नळीतली गाठ कॅन्सरची हाय, त्यात शंका न्हाय. दुसरी कसली हाय ते ठाऊक न्हाय.

"आन् येगळी निघाली तर?" कलावतीबाईंनी विचारलं.

"तर ह्यो डॉक्टर दोन्ही काढंल. ऑपरेशन लई मोठं हाय, त्यात धोका हाय. पण बरं व्हायची वाट हाय."

"आन् तीच निघाली तर?"

"तर न्हाय."

कड्या जोडणारे हात थांबले होते. कलावतीबाईंनी मांडीवरचं ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाल्या, "तुमास्नी काय वाटतंय?"

"मला वाटतंय, येगळी हाय. पण माझ्या वाटण्यावर जाऊ नका. वाटतंय म्हणून मी कागदावर लिवणार न्हाय."

बाळासाहेब काही बोलायला गेले, तर बायकोनं त्यांना हातानंच थांबवलं. "सुई घाला," त्या म्हणाल्या. "खरं ह्या मॅडम तितं उभ्या पायजेत. माझ्या पोटातलं काय ते त्यांनी तितंच बघायचं."

त्याप्रमाणे मॅडम आल्या. दुर्बिणीच्या खोलीत, एका ट्रॉलीवर सूक्ष्मदर्शक ठेवून, त्याच्याशी उभ्या राहिल्या. पहिल्या सुईत रक्त. दुसऱ्या सुईत रक्त. तिसऱ्या वेळी त्यांनी काच लावली, आणि एरवी दर मिनिटाला हलणारी ही बाई वाकलेली ती वाकलेलीच. मला हातानं बोलावलं. गोल, सारख्या आकाराच्या पेशी, एकमेकींना फारशा न चिकटलेल्या. आणि प्रत्येकीच्या केंद्रकात मीठ-मिरपूड भुरभुरल्यासारखे ठिपके. नळीतल्या कॅन्सरच्या वेड्यावाकड्या पेशी मला आठवत होत्या. ह्या तशा नव्हत्या, एवढं मलाही कळलं. पण मॅडम एकच शब्द बोलल्या. "पुरे." म्हणजे नमुना पुरेसा आहे.

पक्कं सांगायला आणखी खास रंग लावावे लागतात, त्याला काही दिवस जातात. त्या दिवसांत त्या माझ्याकडे काहीच काम नसताना येत. बाईंची कावीळ उतरतेय का, जेवतात का, ताप नाही ना. एकदा नुसत्याच आल्या, ओपीडीच्या दारातून डोकावल्या आणि गेल्या. शेवटी रिपोर्ट आला. शेपटीकडची गाठ स्वादुपिंडातल्या हार्मोन तयार करणाऱ्या पेशींपासून झालेली, सावकाश वाढणारी, वेगळीच गाठ होती. नळीतल्या कॅन्सरशी तिचा संबंध नव्हता. दोघी एकाच पोटात एकाच वेळी होत्या, बस एवढंच.

तो रिपोर्टही मॅडमनी परत मागवला. पुन्हा बघितला. तोच परत पाठवला.

ऑपरेशनला जवळजवळ सबंध दिवस गेला. उजवीकडून पित्तनळीसकट स्वादुपिंडाचं डोकं काढलं, डावीकडून शेपटीचा तुकडा काढला, आणि साखर सांभाळली जावी म्हणून मधला भाग ठेवला. पुढचे दिवस वाईट गेले. शिवलेल्या जागेतून पाझर सुरू झाला, ताप आला, बाळासाहेब वॉर्डाबाहेर माझ्याकडे न बघता बसू लागले. मॅडम तिकडे लॅबमध्ये काढलेल्या भागाचे पातळ काप करून प्रत्येक काप बघत होत्या. एका गाठीच्या पेशी दुसरीकडे कुठं पोचल्यात का, हे शोधत होत्या. म्हणजे स्वतःचं म्हणणं खोटं पाडायचा त्यांचा प्रयत्न चालू होता. तसं कुठं काही सापडलं नाही. इकडे पाझर हळूहळू आटला. कलावतीबाई घरी गेल्या, औषधांचे कोर्स झाले, केस गेले आणि परत आले. आजही तपासणीला येतात. दर खेपेला मी जरा धास्तावूनच स्कॅन उघडतो, आणि अजून तरी तो स्वच्छ आहे.

ही गोष्ट पसरली. आमच्यात दोन गाठींच्या पेशंटला 'मगदूम केस' म्हणायला लागले. मॅडमना हे नाव आवडत नसे.

त्यानंतर दीडेक वर्षानं प्रवीण आला. उचगावचा, तिशीतला, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मशीन चालवणारा. त्याचंही दुखणं जवळजवळ तसंच. पित्तनळीत गाठ, स्वादुपिंडात दुसरी. त्याच्या वडिलांना हुपरीच्या बाईंची हकिगत कुणीतरी सांगितली होती. ते मला विचारायच्या आधी थेट लॅबमध्ये जाऊन मॅडमना भेटले आणि म्हणाले, "त्या बाईगत आमच्या पोराच्या बी दोन येगळ्या असत्याल की."

नमुने चांगले आले होते. रिपोर्ट मात्र येईना. मी वाट बघून लॅबमध्ये गेलो. उंच टेबलावर दोन सूक्ष्मदर्शक शेजारी-शेजारी ठेवलेले, आणि मॅडम एकावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर जात होत्या. खास रंग लावून झाले होते, आणि परत एकदाही लावून झाले होते. मला म्हणाल्या, बघ, डावीकडची वेगळी दिसते का?

मी बघितलं. मी काही त्यातला नव्हे, पण मला दोन्ही सारख्याच वाटल्या. तसं सांगितलं.

"सारख्याच आहेत," मॅडम म्हणाल्या. "पण सकाळी मला वेगळी दिसली. खरंच दिसली. मी लिहायलाही घेतलं होतं." त्या खिडकीकडे गेल्या आणि तिथूनच बोलल्या. "पाहिजे ते दिसायला लागलं की माणसानं ह्या कामातून उठावं."

त्यांनी माझ्यासमोर रिपोर्टवर सही केली. रोग एकच, पसरलेला. प्रवीणच्या वडिलांना सांगायला त्या माझ्याबरोबर आल्या. वडील म्हणाले, अजून एकदा बघा की. मॅडम म्हणाल्या, "लई येळा बघितलं, दादा." तो रिपोर्ट त्यांनी परत मागितला नाही.

दोन महिन्यांत त्यांनी लॅब आपल्या विद्यार्थिनीच्या हाती दिली आणि गावी बहिणीकडे राहायला गेल्या. आम्ही पुष्कळ समजावलं. चूक झालीच नाही, सही करायच्या आधी तुम्ही स्वतःच ती पकडली, असं मी म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. निरोपसमारंभ ठरवला तर त्या दिवशी आल्याच नाहीत.

प्रवीण श्रावणात गेला. मॅडम त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात गेल्या, झोपेतच. मधे एकदा, दिवाळी होऊन गेल्यावर, मी त्यांच्या गावी जाऊन आलो होतो. तीच शेवटची भेट.

ऊसतोडीचे दिवस होते, रस्ता ट्रॉल्यांनी भरलेला. मॅडम वाळल्या होत्या. बहिणीनं मला सोप्यात, घराच्या पुढच्या पडवीत, बसवून पोहे दिले. मॅडम सोप्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात-येत बोलत होत्या. कलावतीबाईंचा वजनासकट सगळा हिशेब विचारून घेतला. प्रवीणचं मी सांगायला लागलो तर ते त्यांना माहीत होतं. त्या त्याच्या वडिलांना अधूनमधून फोन करत होत्या. फोन करायची ज्यांना सवय नव्हती, त्या.

निघताना रस्त्यापर्यंत पोचवायला आल्या. मी गाडीत बसलो, काच खाली केली. त्यांनी दारावर हात ठेवला.

"मला सकाळी वेगळी दिसली होती, हे मी त्याच्या बापाला अजून सांगितलेलं नाही," त्या म्हणाल्या. "सांगायला पाहिजे का रे?"

मी म्हटलं, सांगून त्यांना काय मिळणार, मॅडम? त्यांनी मान हलवली, पण ती होकाराची नव्हती. सांगू नका, असंही मला ठामपणे म्हणवेना. मागून उसाची ट्रॉली येऊन थांबली आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. मला गाडी पुढं घ्यावीच लागली.

वळणापाशी आरशात बघितलं. बहीण दारात येऊन, "अक्का, आत ये की," म्हणून बोलावत होती. मॅडमनी तिला हातानंच, आले, असं केलं. आणि त्या रस्त्याच्या कडेनं तशाच पुढं चालत गेल्या, थोडं जाऊन मागे फिरल्या, आणि पुन्हा पुढं निघाल्या.